अकिओ मोरिता : वॉकमनच्या पेन्सिल सेलपासून फोनच्या बंद बॅटरीपर्यंत

दोन-अडीच वर्षं वापरल्यावर फोनची बॅटरी बसायला लागली की आपण काय करतो? बरेच जण थेट नवा फोन बघायला लागतात. स्क्रीन ठणठणीत असते, कॅमेरा चांगला असतो, स्पीडही ठीक असतो. दमलेली असते ती फक्त बॅटरी. पण ती आत चिकटवून बंद केलेली असल्यामुळे अख्खा फोनच म्हातारा वाटायला लागतो.

साधारण पंचेचाळीस वर्षांपूर्वी खिशात मावणारं गाण्याचं यंत्र आलं, तेव्हा ही भानगड नव्हती. सेल संपले की मागचं झाकण सरकवायचं, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले दोन नवे पेन्सिल सेल टाकायचे, की गाणं पुन्हा चालू. ते यंत्र म्हणजे सोनीचा वॉकमन, आणि तो जगभर पोचवणारा माणूस म्हणजे अकिओ मोरिता. गंमत अशी, की आज आपल्या फोनमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली तीही मोरितांच्याच कंपनीनं. बदलता येणारे सेल आणि आत बंद बॅटरी, या वादाची दोन्ही टोकं एकाच माणसाच्या कारकिर्दीत सापडतात. म्हणून आज त्यांचं आयुष्य पाहूया, आणि त्यातूनच हा बॅटरीचा प्रश्नही समजून घेऊया.

साके बनवणाऱ्या घरातला मुलगा

मोरितांचा जन्म २६ जानेवारी १९२१ चा, जपानमधल्या नागोया शहराचा. घरचा धंदा साके म्हणजे तांदळाची दारू, सोया सॉस आणि मिसो बनवण्याचा. हा धंदा कित्येक पिढ्या चालत आलेला. अकिओ थोरले, त्यामुळे पुढे गादी त्यांनीच सांभाळायची हे लहानपणापासून ठरलेलं. शाळेत असतानाच वडील त्यांना कंपनीच्या बैठकांना बसवत.

पोराचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. आईला पाश्चात्त्य संगीताची आवड, म्हणून घरात चावीचा फोनोग्राफ होता. हँडल फिरवून स्प्रिंग आवळायची, ती सुटताना तबकडी फिरवणार. पुढे वडिलांनी विजेवर चालणारा परदेशी फोनोग्राफ आणला. त्याच रेकॉर्डचा आवाज एवढा वेगळा, एवढा भरदार यायला लागला की अकिओ थक्क झाले. त्यानंतर ते इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांत आणि तारांच्या गुंत्यात एवढे रमले की शाळेचा अभ्यास पार मागे पडला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गाणं वाजवायला ताकद लागते, आणि ती कुठून आणायची हा प्रश्न तेव्हाही होताच. आधी ती स्प्रिंगमधून यायची, मग भिंतीतल्या प्लगमधून. प्लग आला म्हणजे आवाज सुधारला, पण यंत्र भिंतीला बांधलं गेलं.

पडक्या इमारतीतली कंपनी

मोरितांनी ओसाका विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली, ती १९४४ मध्ये. दुसरं महायुद्ध चालू होतं. नौदलात तांत्रिक अधिकारी असताना एका संशोधन समितीत त्यांची मासारु इबुका यांच्याशी ओळख झाली. इबुका वयानं तेरा वर्षांनी मोठे आणि अफाट कल्पक इंजिनियर. युद्ध संपल्यावर टोकियोत, बॉम्बहल्ल्यात होरपळलेल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत इबुकांनी रेडिओ दुरुस्तीचं काम सुरू केलं. त्याबद्दल वर्तमानपत्रात छापून आलेलं मोरितांच्या वाचनात आलं आणि त्यांनी लगेच संपर्क साधला.

अडचण होती घरची. थोरल्या मुलानं घरचा धंदा सोडून दुसरीकडे जायचं, म्हणजे त्या काळच्या जपानी घरात मोठीच गोष्ट. इबुका आणि त्यांचे सासरे खास मोरितांच्या गावी गेले, वडिलांना भेटले आणि मुलगा आम्हाला द्या अशी विनंती केली. वडिलांनी होकार दिला. एवढंच करून ते थांबले नाहीत, पुढे कंपनी अडचणीत आली तेव्हा त्यांनी पैसेही दिले.

७ मे १९४६ रोजी कंपनी स्थापन झाली. नाव टोकियो त्सुशिन कोग्यो, भांडवल १,९०,००० येन. सुरुवातीला भात शिजवायचं विजेचं भांडं करून पाहिलं, ते फसलं. ऊब देणारी विजेची उशी करून विकली. मग १९५० मध्ये जपानमधला पहिला टेप रेकॉर्डर आणला. तो एवढा जड होता की एकट्याला उचलणं अवघड. गिऱ्हाईक मिळालं ते न्यायालयांत आणि शाळांत. मोरिता इथे एक धडा शिकले : चांगली वस्तू बनवली म्हणजे ती आपोआप खपत नाही, तिचा उपयोग लोकांना दाखवावा लागतो. इबुका बनवणार आणि मोरिता विकणार, अशी जोडी जमली.

ट्रान्झिस्टर आला आणि सेल लहान झाला

त्या काळात प्रवासात नेता येतील असे रेडिओ होते, पण ते व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचे. ट्यूबची तार तापवायला एक बॅटरी आणि ट्यूबला जास्त व्होल्टेज द्यायला दुसरी, तीही बऱ्याचदा साठ-सत्तर व्होल्टची. रेडिओपेक्षा बॅटरीचाच खर्च जड जायचा.

अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता. त्याला तापवायची गरज नसते आणि तो अगदी कमी व्होल्टेजवर काम करतो. इबुकांना त्याची माहिती मिळाली आणि १९५३ मध्ये मोरितांनी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीशी २५,००० डॉलरचा परवान्याचा करार केला. एवढं परकीय चलन बाहेर पाठवायला जपान सरकार तयार नव्हतं, परवानगीसाठी कित्येक महिने गेले. शेवटी १९५५ मध्ये टीआर-५५ हा त्यांचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या बुलोव्हा या घड्याळाच्या कंपनीनं एक लाख रेडिओंची ऑर्डर देऊ केली. अट एकच : रेडिओवर नाव बुलोव्हाचं असेल. ऑर्डर कंपनीच्या कुवतीपेक्षाही मोठी होती. जपानमधल्या सहकाऱ्यांना ती हवी होती. मोरितांनी नाकारली. स्वतःच्या नावानं विकू, भले कमी विकू, हा त्यांचा हट्ट. १९५८ मध्ये कंपनीचं नावच सोनी झालं.

१९५७ चा टीआर-६३ तर ९ व्होल्टच्या एका छोट्या चौकोनी बॅटरीवर चालायचा. जाहिरात खिशातला रेडिओ म्हणून, पण तो नेहमीच्या शर्टाच्या खिशापेक्षा किंचित मोठा होता. मग विक्रेत्यांसाठी जरा मोठ्या खिशाचे शर्ट शिवून घेतले. मोरितांचं डोकं असं चालायचं.

१९६३ मध्ये ते बायको-मुलांना घेऊन न्यूयॉर्कला राहायलाच गेले. अमेरिकन माणूस कसा जगतो हे कळल्याशिवाय त्याला काही विकता येणार नाही, हे त्यांचं त्यामागचं गणित होतं.

वॉकमन : दोन पेन्सिल सेल आणि एक कॅसेट

१९७९ साल. इबुका आता मानद अध्यक्ष होते. लांबच्या विमानप्रवासात गाणी ऐकायला ते सोनीचाच टीसी-डी५ हा कॅसेट रेकॉर्डर बरोबर न्यायचे. तो उत्तम होता, पण जड. त्यांनी यापेक्षा लहान, फक्त वाजवणारं काहीतरी करून मागितलं. सोनीकडे पत्रकारांसाठीचा प्रेसमन नावाचा छोटा रेकॉर्डर होता. इंजिनियरांनी त्यातलं रेकॉर्डिंग काढून टाकलं, स्टीरिओ आवाज घातला आणि जोडीला सुमारे ५० ग्रॅमचा हलका हेडफोन दिला.

इबुका खूश झाले. पण त्यात धंदा दिसला मोरितांना. तरुण मुलं गाण्याशिवाय राहू शकत नाहीत हे त्यांनी पाहिलं होतं. शाळा-कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीच्या आत यंत्र बाजारात हवं, आणि किंमत विद्यार्थ्यांना परवडणारी हवी, असं त्यांनी बजावलं. कंपनीत अनेकांचा विरोध होता. रेकॉर्डच होत नाही असं यंत्र घेणार कोण? मोरिता अडून बसले. पहिली तुकडी ३०,००० नगांची ठरली.

१ जुलै १९७९ रोजी टीपीएस-एल२ हा पहिला वॉकमन ३३,००० येनला आला. पहिल्या महिन्यात खप जेमतेम तीन हजार. मग सोनीची माणसं वॉकमन कानाला लावून टोकियोच्या गजबजलेल्या भागांत आणि लोकल गाड्यांत फिरायला लागली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवायला लागली. ऑगस्ट संपेपर्यंत माल संपला. दहा वर्षांत हा आकडा पाच कोटींच्या आसपास गेला. आपल्याकडे तर कुठल्याही कंपनीच्या छोट्या कॅसेट प्लेयरला लोक वॉकमनच म्हणायचे.

आता त्याच्या आत बघा. कॅसेट फिलिप्स कंपनीची, पण ती बनवायची मुभा सगळ्यांना होती. ताकद दोन पेन्सिल सेलची, म्हणजे प्रत्येकी दीड व्होल्टचे एए सेल. हे सेल कुठलीही कंपनी बनवू शकते, कारण आकार आणि व्होल्टेज ठरलेलं असतं. टोकियोत घेतलेला वॉकमन कोल्हापुरातल्या किराणा दुकानातल्या सेलवर चालायचा. त्यात सोनीची परवानगी नको, सर्व्हिस सेंटर नको.

याचे तोटेही होते. सेल उतरले की गाणं रेंगाळायला लागायचं, गाणाऱ्याचा आवाज जाडा व्हायचा. दर थोड्या दिवसांनी नव्या सेलचा खर्च. म्हणून तर आपल्याकडे उतरलेले सेल उन्हात ठेवायची सवय होती. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते आणि दोन-चार गाणी जास्त वाजतात, पण सेल काही चार्ज होत नाही. शिवाय वापरलेल्या सेलचा ढीग थेट कचऱ्यात.

मधला रस्ता : च्युइंग गमएवढी बॅटरी

वॉकमन पुढे लहान होत गेला. १९८३ चा डब्ल्यूएम-२० जवळपास कॅसेटच्या डबीएवढा, आणि एकाच पेन्सिल सेलवर चालणारा. आणखी बारीक करायचं तर गोल सेल आड यायला लागला. म्हणून सोनीनं चपटी, च्युइंग गमच्या पट्टीसारखी दिसणारी निकेल-कॅडमियमची चार्जिंग बॅटरी आणली.

आजच्या वादात हा टप्पा लोक विसरतात. ही बॅटरी चार्ज व्हायची आणि बाहेरही निघायची. एक यंत्रात, एक चार्जरमध्ये. अशा कित्येक वॉकमनबरोबर एक छोटी डबीही मिळायची. ती बाहेरून स्क्रूनं जोडायची, तिच्यात साधा पेन्सिल सेल टाकायचा. प्रवासात चार्जिंग संपलं तरी काम अडत नसे. म्हणजे चार्जिंगची सोय हवी तर बॅटरी आत बंदच करावी लागते, असं काही नाही. हे दोन वेगळे निर्णय आहेत.

एव्हरेडी, भोपाळ आणि लिथियम-आयन

मोरिता सोनीचे प्रेसिडेंट असताना, १९७५ मध्ये, सोनीनं अमेरिकेच्या युनियन कार्बाइडबरोबर भागीदारीत बॅटरीची कंपनी काढली. नाव सोनी-एव्हरेडी. एव्हरेडी हा तेव्हा युनियन कार्बाइडचा ब्रँड. भारतातले एव्हरेडीचे सेलही त्याच कंपनीची इथली शाखा बनवायची.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमधल्या याच शाखेच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसं गेली. त्यानंतर युनियन कार्बाइड चहूबाजूंनी अडचणीत आली आणि १९८६ मध्ये तिनं बॅटरीचा धंदा विकून टाकला. सोनीबरोबरची भागीदारीही मोडली. सोनी बॅटरीच्या बाबतीत स्वतंत्र झाली आणि स्वतःची नवी बॅटरी बनवण्याच्या मागे लागली.

लिथियम-आयनचा शोध मोरितांनी किंवा सोनीनं एकट्यानं लावलेला नाही. त्यामागे अनेकांचं काम आहे. त्यातल्या स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण प्रयोगशाळेतली बॅटरी कारखान्यात बनवून १९९१ मध्ये बाजारात आणली ती सोनीनं. मोरिता तेव्हा अध्यक्ष होते.

ही बॅटरी वेगळ्याच जातीची होती. एका सेलमध्ये दीड व्होल्टऐवजी साधारण ३.६ व्होल्ट. निकेल-कॅडमियमच्या मानानं त्याच वजनात कितीतरी जास्त ऊर्जा. पण ती नाजूकही होती. प्रमाणाबाहेर चार्ज केली, टोक टोकाला भिडलं किंवा सेलला भोक पडलं, तर ती तापून पेट घेऊ शकते. त्यामुळे तिच्याबरोबर चार्जिंगवर लक्ष ठेवणारं सर्किट लागतं. पेन्सिल सेल जसा सुटा मिळतो, कुठल्याही यंत्रात टाकता येतो, तसं हिचं करता येत नाही. बॅटरी आणि यंत्र यांची जोडी आता ठरवूनच करावी लागली.

पण जोडी ठरवणं आणि आत चिकटवून टाकणं यातही फरक आहे. सोनीच्याच हँडीकॅमला लिथियम-आयन बॅटरी मागून खटकन बसायची आणि निघायची. नंतर नोकियाच्या फोनचं मागचं झाकण उघडून बॅटरी काढता यायची, हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा.

मोरितांनंतर : आयपॉड

नोव्हेंबर १९९३ मध्ये टेनिस खेळताना मोरितांना पक्षाघाताचा झटका आला. त्यातून ते पूर्ण सावरले नाहीत आणि वर्षभरानं त्यांनी अध्यक्षपद सोडलं. ३ ऑक्टोबर १९९९ रोजी टोकियोत, ७८ व्या वर्षी ते गेले. दोनच दिवसांनी अमेरिकेत ॲपलच्या एका कार्यक्रमात स्टीव्ह जॉब्स यांनी त्यांना आदरांजली वाहिली. जॉब्स यांना सोनीबद्दल आणि मोरितांबद्दल मनापासून आदर होता.

तोपर्यंत एमपी३ प्लेयर आले होते. १९९८ चा रिओ पीएमपी३०० एकाच पेन्सिल सेलवर चालायचा. पण ऑक्टोबर २००१ मध्ये जॉब्स यांनी आयपॉड आणला आणि चित्र पालटलं. खिशात हजार गाणी, आत छोटी हार्ड डिस्क, आणि लिथियम बॅटरी सरळ आत बंद. झाकण नाही, स्क्रू नाही. यंत्र सुरेख दिसलं, एकसंध वाटलं.

दोन वर्षांत दुसरी बाजू दिसली. लिथियम बॅटरी काही शे वेळा चार्ज झाली की तिची कुवत घटतेच. तो बिघाड नाही, स्वभाव आहे. २००३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन भावांनी आयपॉडची बॅटरी बदलता येत नाही यावर एक छोटी फिल्म केली, ती इंटरनेटवर गाजली. त्याच सुमारास ॲपलनं ९९ डॉलरमध्ये बॅटरी बदलून द्यायची सेवा जाहीर केली. पण तोवर पायंडा पडला होता. पुढे फोन, टॅबलेट, इयरबड सगळे त्याच वाटेनं गेले. सोनीचे वॉकमनसुद्धा.

मग चांगलं काय?

बंद बॅटरीचे फायदे खरे आहेत. झाकण, स्प्रिंग आणि बॅटरीचं कडक कवच वाचलं की ती जागा बॅटरीलाच मिळते. मऊ पाकिटासारखा सेल हव्या त्या आकारात बसवता येतो. पाणी आणि धूळ आत शिरू न देणं सोपं जातं.

पण किंमत कोण मोजतं ते बघा. वॉकमनमध्ये सगळ्यात आधी मरणारा भाग सगळ्यात स्वस्त होता आणि तो बदलणं आपल्या हातात होतं. वॉकमनचे रबरी बेल्टही सैल पडायचे, ते दुरुस्तीवाला बदलून द्यायचा. म्हणून १९७९ चा नीट राखलेला वॉकमन आजही नव्या सेलवर वाजतो. बंद यंत्रात बॅटरीचं वय हेच यंत्राचं वय होऊन बसतं. वायरलेस इयरबडमध्ये तर हे उघडच दिसतं : दोन कानांत दोन चिमुकल्या बॅटऱ्या, दोन्ही आत बंद. त्यातली एक दमली की जोडी निकामी.

युरोपनं यावर कायदा केला आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडून, तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे.

तोवर आपण काय करायचं?

फोन किंवा इयरबड घेण्याआधी अधिकृत केंद्रात त्याची बॅटरी बदलून मिळते का आणि किती रुपयांत, हे विचारा. ही किंमतसुद्धा वस्तूच्या किंमतीत धरायची.

फोन मंद झाला, पटकन उतरायला लागला, तर सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ दिसते का ते आधी तपासा. नुसती बॅटरी बदलून फोन आणखी दोन वर्षं चालू शकतो.

फोन उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. पेन्सिल सेलचं ठीक होतं, पण लिथियम बॅटरीचं उन्हानं आयुष्य घटतं.

बॅटरी फुगली तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. सरळ केंद्रात द्या. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

मोरितांनी वॉकमन बनवताना विद्यार्थ्याचा खिसा डोळ्यांसमोर ठेवला होता : त्यात काय मावेल आणि त्याला काय परवडेल. पुढचा फोन घेताना दुकानदाराला रॅम आणि मेगापिक्सेल विचाराल, त्यासोबत बॅटरी बदलायचा खर्चही विचारा.